बाळ आलं, पगार एकच उरणार. खर्च कुठे कापू?

रविवारची_झोप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगी अडीच महिन्यांची झाली. आम्ही धायरीत राहतो. नवरा चाकणला कंपनीत आहे, माझं ऑफिस बाणेरला, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. रजा संपल्यावर चार-सहा महिने बिनपगारी घरी राहावं असं मनात आहे, म्हणून आत्तापासूनच हात आखडता घ्यायचा म्हणतेय.

महिन्याचा हिशोब ढोबळ असा: डायपर साडेतीन हजार, पावडरचं दूध (रात्रीचं एक-दोनदाच) अडीच, मालिशवाल्या मावशी नऊ, पोळीभाजीच्या ताई पाच, मेंटेनन्स ३,२००, किराणा-भाजी-दूध मिळून सतरा-अठरा, वीज-गॅस-नेट-मोबाइल चार. घराचा हप्ता ३७,१०० (४२ लाखांचं कर्ज, २०२३ साली घेतलं, २० वर्षं), गाडीचा ११,३००, क्रेडिट कार्डाचे ८,००० जातात. लसींचा खर्च यात नाही, तो दर वेळी वेगळाच दणका. नवऱ्याच्या हातात ७४ हजार येतात, माझ्या ४६.

तर डायपर आणि दुधाची पावडर पुण्यात स्वस्त कुठे मिळते? मालिश बंद करू का? पोळीवाल्या ताई निम्म्यावर आणू? बारसं अजून व्हायचंय आणि सासूबाईंना ते हॉलमध्ये हवंय, तो विषय वेगळाच.

हिंजवडी_लोकल

आयडी बघून डोळे पाणावले. पुढची तीन वर्षं तरी ती झोप विसरा.

आळीवलाडू

अभिनंदन! जुळ्यांची आई आहे, डायपरवर बोलायचा अधिकार मला आहे :)

एक, आत्ता मोठा साठा करू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात साइझ बदलते आणि उरलेला पॅक कपाटात पडून राहतो. दोन, सगळ्यांत महागड्या ब्रँडची गरज फक्त रात्री असते. दिवसा घरात लंगोट, बाहेर जाताना आणि रात्री डायपर. आमचा खर्च निम्म्याच्या आसपास आला होता. मऊ, धुवून धुवून जुनं झालेलं सुती कापड असलं तर उत्तम. माझ्या सासऱ्यांची दोन धोतरं यात कामी आली. तुळशीबागेत तयार लंगोट आणि झबली मिळतात, पण कापड आधी हाताला लावून बघा, खळ असलेलं घेऊ नका. सध्या उन्हाळा आहे तोवर तासाभरात वाळतात, जुलैत मात्र घरभर दोऱ्या बांधाव्या लागतील.

पेठी_पुणेकर

आमच्या वेळी डायपर नावाची वस्तू नव्हती आणि आम्ही सगळे ठणठणीत वाढलो. एका वाड्यात पाच बाळंतिणी असायच्या आणि एकच कपड्यांचा ढीग. हल्लीच्या लोकांना सगळं वापरून फेकायचं लागतं.

आळीवलाडू

@पेठी_पुणेकर, तो ढीग तुम्ही धुवायचात का?

पेठी_पुणेकर

आमच्याकडे बाई होती.

हिंजवडी_लोकल

=)) संपला वाद.

जमाखर्च

डायपर बाजूला ठेवू या जरा. ताई, "क्रेडिट कार्डाचे ८,००० जातात" म्हणजे नक्की काय? महिन्याची खरेदी ८,०००ची होते आणि पूर्ण बिल भरता? की बाकी मोठी आहे आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरताय?

रविवारची_झोप

मिनिमम. सिझर झालं, बाळाला कावीळ म्हणून दोन दिवस लाइटखाली ठेवलं. ऑफिसच्या पॉलिसीत बाळंतपणाला ७५,०००ची मर्यादा होती, त्यात खोलीचं भाडं पॉलिसीत बसतं त्यापेक्षा जास्त निघालं म्हणून बाकीच्या बिलातही कात्री लागली. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभं राहून हे कळलं. उरलेलं कार्डावर गेलं. आज १,६०,००० बाकी आहे. दर महिन्याला वेळेवर भरतो, एकदाही चुकवलेलं नाही.

जमाखर्च

वाटलंच. आता जरा हिशोब मांडतो, कारण या धाग्यात तुमचा सगळ्यांत महाग खर्च हाच आहे आणि तो तुम्ही प्रश्नात विचारलेलाही नाही.

कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के असतं. तुमच्या स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल, ते बघून घ्या. १,६०,००० वर साडेतीन टक्के म्हणजे ५,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,००८. झाले ६,६०८. तुम्ही भरता ८,०००. म्हणजे मुद्दल फिटतं फक्त १,३९२. मागच्या महिन्यातल्या आठ हजारांपैकी साडेसहा हजार वाऱ्यावर गेले. डायपर आणि दुधाची पावडर दोन्ही फुकट मिळाली तरी तेवढे वाचणार नाहीत.

यातली दुसरी गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. कार्डावर जुनी बाकी असताना नव्या खरेदीला ते ४५-५० बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. व्याज खरेदीच्या तारखेपासूनच सुरू. ॲपवर "कार्डावर दहा टक्के सूट" बघून डायपरचा मोठा पॅक घेतलात, तर ती सूट तीन महिन्यांत व्याजात जाते.

आजपासून ते कार्ड कपाटात. किराणा, डायपर सगळं यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने.

रविवारची_झोप

बापरे. वेळेवर भरतोय म्हणजे सगळं ठीक आहे असंच धरून चाललो होतो. नवऱ्याला दाखवते.

निवृत्त_पासबुक

जमाखर्च यांच्याशी सहमत. बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच कर्ज विभागात. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हे दीड लाख कार्डावरून उचलून स्वस्त कर्जात टाका. दोघांचे पगार चालू आहेत, हप्ते चुकलेले नाहीत, म्हणजे सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला असणार. पगाराच्या खात्याची बँक १२-१४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज द्यायला तयार असते. १३ टक्के आणि दोन वर्षं धरली तर १,६०,००० चा हप्ता साधारण ७,६०० येतो. तुमच्या आत्ताच्या मिनिममपेक्षा कमी, आणि दोन वर्षांत विषय बंद. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे सही करण्याआधी विचारा. आणि अर्ज आत्ता करा. रजा बिनपगारी झाल्यावर तुमचा पगार हिशोबात धरणार नाहीत.

दुसरी, घराचं कर्ज. २०२३ पासून हप्ता तोच दिसतोय, मला तिथे शंका आहे. २०२५ सालात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आणला, सव्वा टक्का खाली. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली तरत्या (वरखाली होणाऱ्या) दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रेपोला, जोडलेली असतात. म्हणजे तुमचा दर उतरला असणार, पण दर उतरला की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच. पण तुम्हाला पुढची दोन वर्षं हातात पैसा हवाय. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या की मुदत मूळची ठेवा आणि हप्ता कमी करा. पूर्ण सव्वा टक्का तुमच्यापर्यंत पोचला असेल तर ४२ लाखांवर ढोबळमानाने ३,२०० रुपये सुटतात.

नंतर पैसे आले की जादा भरा. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, २०१२ पासून नियम आहे.

मूळची_सोलापूरची

वैयक्तिक कर्ज कशाला? पाटल्या, तोडे काही असेल तर सोनं तारण ठेवा, व्याज आणखी कमी पडतं. माझ्या आईने आमच्या फीसाठी तीनदा ठेवलं आणि तीनदा सोडवलं. सोनं अडीनडीलाच असतं, लॉकरमध्ये ठेवून त्याला काय पिल्लं होणारेत?

निवृत्त_पासबुक

हरकत नाही, दर कमी असतो हे खरं. पण सोने तारणात बरेचदा वर्षाच्या शेवटी मुद्दल एकदम भरायचं असतं. दरमहा हप्ता नसला की माणूस निवांत होतो आणि अकराव्या महिन्यात धावपळ करतो. लिलावाची नोटीस पाठवायचं काम मी केलंय. मासिक हप्त्याचं सोने तारण मिळालं तर जरूर घ्या.

आणि सोनं कुणाचं, याचा निर्णय ज्याचं त्याने करावा.

मूळची_सोलापूरची

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. "बायकोचं सोनं आहे ना" म्हणणारे नवरे आमच्या घरातही आहेत.

चाकण_शिफ्ट

ताई, मिस्टर चाकणला जातात ते कशाने? बहुतेक कंपन्यांची बस असते. धायरीहून रोज गाडी चालवत कुणी जात असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार.

रविवारची_झोप

कंपनीची बसच आहे. गाडी शनिवार-रविवारी काढतो. सध्या तर डॉक्टरकडे जाण्यापुरतीच.

चाकण_शिफ्ट

मग ११,३०० कशाचे भरताय? पार्किंगमध्ये उभी राहायचे? त्यात विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल वेगळं. मी दोन वर्षांपूर्वी विकली, कर्ज फेडून वर थोडे हातात आले. महिन्यातून पाच-सहा वेळा कॅब केली तरी दोन हजारांच्या वर जात नाही.

रिक्षा_मीटरने

असहमत. आयडी माझा रिक्षाचा असला तरी सांगतो, तान्हं बाळ घरात असताना गाडी विकू नका. रात्री दोन वाजता बाळाला १०३ ताप असताना ॲपवर "ड्रायव्हर शोधत आहोत" हे बघत बसलोय मी. चार जणांनी राइड घेऊन रद्द केली. सिंहगड रोडला पावसात काय होतं हे धायरीकरांना मी सांगायला नको.

चाकण_शिफ्ट

रात्री दोनची वेळ वर्षातून किती वेळा येते? सोसायटीत शेजारी नाहीत का? आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या काकांनी आधीच सांगून ठेवलंय, दार वाजवायचं.

रिक्षा_मीटरने

एकदा आली तरी पुरते. आणि सगळ्यांचे काका असे नसतात.

जमाखर्च

दोघेही बरोबर आहात. ताई, निदान आकडा काढून ठेवा: गाडीची आजची किंमत किती, कर्जाची बाकी किती. विकून पाच पैसेही उरणार नसतील तर वाद संपला. दीड लाख उरणार असतील तर जवळजवळ अख्खं कार्ड एका फटक्यात फिटतं, मग मात्र नवरा-बायकोने एकदा बसायला हवं.

बाकी_शून्य

५,००० रुपये सरकारही देतं की पहिल्या बाळाला. मातृवंदना योजना. अंगणवाडीत चौकशी करा.

जमाखर्च

प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला ५,०००, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत वगैरे अटी आहेत आणि कायद्याने पगारी रजा मिळणाऱ्या बायकांना ती लागू नाही. ताईंना मिळणार नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंपैकी कुणी गरोदर असेल तर त्यांना मात्र नक्की सांगा, बऱ्याच जणींना माहीत नसते.

स्टेथोस्कोप

लसींचा उल्लेख वाचून लिहितो. बालरोग विभागात काम करतो.

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात. मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात मिळतात आणि तुमच्या भागातल्या पालिकेच्या दवाखान्यातही ठरावीक वारी मिळतात, वार विचारून जा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींमध्ये पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस येतात. न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियावरची पीसीव्ही, २०२१ पासून देशभर मोफत कार्यक्रमात आली. खासगीत याच एका लसीचा एक डोस काही हजारांना पडतो. लोकांना वाटतं सरकारी लस म्हणजे कमअस्सल. तसं नाही. खासगीतली "न दुखणारी" घेतली तर ताप-सूज थोडी कमी येते, एवढाच मुख्य फरक. एखादी रात्र रडण्यात जाते.

सगळ्या लसी तिथे मिळत नाहीत. फ्लू, कांजण्या वगैरे कार्यक्रमात नाहीत, त्या तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आधीचं कार्ड घेऊन जा म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकत्र राहतील. चौदा आठवड्यांचा डोस जवळ आलाच असेल.

आणि हात जोडून विनंती: पावडरचा डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवू नका, आणि वर्षाच्या आत वरचं दूध म्हणून गाई-म्हशीचं दूध सुरू करू नका. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेवढेच चमचे. रात्रीचा डबा कमी करायचा असेल तर त्याला पैसे न लागणारा मार्ग म्हणजे स्तनपान सल्लागाराला एकदा भेटणं. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असतात.

पेठी_पुणेकर

बाळगुटी द्या. सहाणेवर दोन वेढे मुरडशेंग, दोन वेढे हळकुंड. एक पैसा खर्च नाही, डॉक्टरही लागत नाही.

स्टेथोस्कोप

काका, सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध (किंवा पावडरचं), बाकी काही नाही. पाणीसुद्धा नाही. सहाण धुतलेली असते का हा प्रश्न तर मी विचारतच नाही. आणि गुटीत मध घालायची पद्धत असेल तर ती वर्षाच्या आत साफ बंद.

पेठी_पुणेकर

तुमच्या आजीने तुम्हाला दिलीच असेल.

स्टेथोस्कोप

दिली. तिने मला वॉकरमध्येही बसवलं होतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. हो, तो खर्चही टाळा ताई, कुणी भेट दिला तरी परत करा.

हिंजवडी_लोकल

गुटीवरून धागा शंभरी गाठणार. संपादक, लक्ष असू द्या.

नानी_वडगावकर

बारशावर कुणी बोललंच नाही! आम्ही नातीचं बारसं घरीच केलं. पाळणा शेजारणीचा, फुलं मंडईतून सकाळी सातला आणली, पंचवीस बायका, घुगऱ्या आणि पेढे. पाळणा म्हणायला दोन आज्या होत्या, एकीला मधलं कडवं आठवेना, दुसरी चढ्या आवाजात पुढे. हॉलमध्ये तो आवाज कुठला? तिथे डीजेवर अंगाई लावतात आणि पाहुणे जेवणाच्या रांगेत असतात.

सासूबाईंना सरळ "परवडत नाही" म्हणू नका, लागेल त्यांना. "बाळ लहान आहे, गर्दीत नको, डॉक्टर म्हणाले" म्हणा. आणि त्यांच्या हाती एक काम द्या. कुंची त्यांनी शिवायची, नाव त्यांनी कानात सांगायचं.

जमाखर्च

हॉलचं दीडशे पान ४५० रुपयांनी धरलं तर ६७,५००. भाडं आणि सजावट वेगळी. नानींना अनुमोदन.

नाव ठरायला उशीर झाला म्हणून जन्माची नोंद अडकवू नका. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट असते आणि रुग्णालय सहसा करतं. नाव वर्षभरात कधीही विनाशुल्क घालता येतं.

आळीवलाडू

मला आता जरा स्पष्ट बोलायचंय. धागा परत वाचला. ताईंनी काय काय कापू म्हणून विचारलंय? मालिश, पोळीवाल्या ताई, डायपर. मी स्वतः लंगोट सुचवले. म्हणजे कापलेला प्रत्येक रुपया कुणाच्या कंबरेवर येणार? सिझर होऊन अडीच महिने झालेल्या बाईच्या. लंगोट धुवा, पोळ्या लाटा, बाळाला तुम्हीच तेल लावा, रात्री जागा, आणि महिन्याला बारा-तेरा हजार वाचवा. तिकडे कार्डाचं व्याज साडेसहा हजार खातंय आणि गाडी अकरा. आधी ते. पोळीवाल्या ताईंना हात लावायचा नाही. मालिश चाळीस दिवसांनंतर एक दिवसाआड केलं तर चालतं, आठवड्यातले तीन दिवस बाळाला तेल बाबाने लावावं. त्याला येत नसेल तर मावशी शिकवतील.

लंगोटही दिवसा चारच. मशीन आहे ना घरात?

मूळची_सोलापूरची

टाळ्या!

चाकण_शिफ्ट

बाबाने तेल लावणे या मुद्द्याला पाठिंबा. मी लावायचो. पहिल्या दिवशी मुलगा साबणाच्या वडीसारखा निसटत होता.

पाळणाघर_की_आजी

मूळ गृहीतकावरच प्रश्न आहे. बिनपगारी राहायचंच का? ४६,००० सोडणार. सिंहगड रोडला बऱ्यापैकी पाळणाघर दहा-बारा हजारांत मिळतं. जाण्यायेण्याचे तीन-चार धरले तरी हातात तीस राहतात. कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे. त्याशिवाय २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. रजेनंतर घरून काम देता येईल अशीही तरतूद आहे, कामाचं स्वरूप बघून आणि दोघांच्या संमतीने. एचआरला मेल टाका. तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात, लेखी मागितलं की उत्तर द्यावं लागतं.

रविवारची_झोप

विचारणारच आहे. पण खरं सांगू, पैशाचा हिशोब बाजूला ठेवला तरी मला काही महिने तिच्याजवळ राहायचंय. आई साताऱ्याहून येऊ शकते, पण वडिलांचा गुडघ्याचा त्रास आहे, तिला किती अडकवणार?

पाळणाघर_की_आजी

मग राहा. त्यात चूक काहीच नाही. फक्त आकडा माहीत असू द्या, म्हणजे नंतर घरात कुणी "तूच सोडलीस" म्हणणार नाही.

बाकी_शून्य

एक पर्याय: भिशी. दहा जणींची लावा, पहिला नंबर तुम्ही उचला, कार्ड फेडा.

निवृत्त_पासबुक

पहिला नंबर उचलणं म्हणजे कर्जच झालं, फक्त कागद नाही. आणि मैत्रिणीचा हप्ता चुकला तर पैसेही जातात आणि मैत्रीणही. ॲपवरची झटपट कर्जं तर नकोच नको.

रविवारची_झोप

सासऱ्यांच्या ओळखीचे एक काका बाळाच्या नावाने योजना घेऊन आलेत. महिना पाच हजार, विमा आणि शिक्षण दोन्ही म्हणतात. शिवाय सुकन्या (मुलींच्या नावाची सरकारी बचत योजना) पण काढायची म्हणताहेत.

जमाखर्च

काकांना चहा द्या, चेक देऊ नका. बाळाचा विमा नसतो काढायचा, कमावणाऱ्याचा काढायचा. नवऱ्याचा साधा टर्म (फक्त जिवाचा) विमा घ्या. वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. ऑफिसच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव घातलंत का? त्याला मुदत असते, आज रात्रीच बघा.

सुकन्या चांगली आहे. व्याज ८.२ टक्के. पण मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येते, घाई नाही. सासऱ्यांचा मान राखायचाय तर पोस्टात जाऊन २५० रुपयांनी उघडा, वर्षाला किमान तेवढेच लागतात. एकीकडे ४२ टक्क्यांनी व्याज भरायचं आणि दुसरीकडे ८.२ टक्क्यांनी साठवायचं, हे कुणी करू नये.

रविवारची_झोप

सगळ्यांचे खूप आभार. एकेकाला उत्तर द्यायला वेळ मिळत नाहीये, बाळ मांडीवर आहे आणि एका अंगठ्याने टाइप करतेय.

आत्तापर्यंतचं: पगाराच्या बँकेत नवरा जाऊन आला. साडेतेरा टक्क्यांनी देतो म्हणाले, फी कमी करायला दुसऱ्या बँकेचं पत्र दाखवणार आहोत. गृहकर्जाचा दर खरंच उतरला होता, मुदत परस्पर कमी करून ठेवली होती, आम्हाला मेल आला होता म्हणे. हप्ता कमी करायचा अर्ज दिलाय. विम्यात बाळाचं नाव घातलंय, मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. चौदा आठवड्यांची लस पालिकेच्या दवाखान्यात घेणार. बारसं घरी, सासूबाई फुरंगटल्या आहेत, पण कुंचीचं कापड आणायला काल लक्ष्मी रोडला गेल्या.

गाडीवरून मात्र घरात शांतता आहे. म्हणजे बोलणंच बंद आहे.

रिक्षा_मीटरने

नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

चाकण_शिफ्ट

सध्या नाही विकली तरी चालेल, पण वैयक्तिक कर्ज मिळायला अडचण आली तर तोच मार्ग हे दोघांनी आत्ताच कबूल करून ठेवा. शो-रूमपेक्षा ओळखीत विकलेली बरी, भाव जास्त येतो.

कानामात्रा

पूर्ण धागा वाचला. डायपर स्वस्त कुठे मिळतात हा मूळ प्रश्न होता, त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

हिंजवडी_लोकल

पुण्यात आहोत आपण. प्रश्न चुकीचा आहे हे आधी सिद्ध करावं लागतं.

आळीवलाडू

:)) देते. मोठ्या सुपरमार्केटमध्ये महिन्याच्या सुरुवातीला एकावर एक असतं, पण पॅकवरची किंमत बघू नका, नगावर भागून बघा. मोठा पॅक दर वेळी स्वस्त असतोच असं नाही. डायपरवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कुणी जुन्या छापील किमतीचा माल जुन्याच भावाने देत असेल तर विचारा. मेडिकलवाला ओळखीचा असेल तर खोक्याने मागवून देतो, दोन-तीन आयांनी मिळून घेतलं तर आणखी उतरतं. पावडरवर मात्र फार सूट शोधू नका, १९९२ च्या कायद्याने तिची जाहिरात आणि जाहिरातीसाठीच्या सवलती बंद आहेत. कुणी खूप स्वस्त देत असेल तर एक्स्पायरी डेट आधी बघा.

आणि माझ्याकडे एम साइझचे दीड पॅक न वापरलेले पडलेत, जुळी एकदम मोठी झाली. मी वडगाव बुद्रुकला राहते, धायरीहून फार लांब नाही. निरोप टाका, येऊन घेऊन जा. सोबत पाळण्याची मच्छरदाणी पण आहे.

रविवारची_झोप

निरोप टाकलाय. शनिवारी सकाळी येऊ? मच्छरदाणी नक्की हवीय.

आळीवलाडू

अकराच्या आत या, नंतर जुळी झोपतात.

चाकण_शिफ्ट

धायरी ते वडगाव, रिक्षा शंभरच्या आत.

रिक्षा_मीटरने

गाडी आहे ना त्यांच्याकडे. अजून.